जुदासची आंघोळ

पुणे
२० फेब्रुवारी १९८३

प्रिय डेल्फिनबाय,

राखेचा बुधवार होऊन चार दिवस झाले. कपाळावरची राख केव्हाच पुसली गेली, पण त्या दिवशी डोक्यात शिरलेली एक कल्पना काही केल्या जात नाही. तू चौथीच्या मुलांना भागाकार शिकवतेस त्याच क्रमाने ती मांडतो. एखादी पायरी गळली तर माझा कान धर.

प्रथम प्रश्न. आपल्या सॅन्टनदादाने सलग दोन उन्हाळे घरच्या विहिरीचे पाणी टँकरवाल्यांना दिले. नालासोपाऱ्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि इकडे आजूबाजूच्या विहिरी खारट झाल्या. प्लासिडच्या वाडीतल्या पानवेली कडांपासून करपत गेल्या. चूक उमगल्यावर दादाने स्वतःच्या हाताने पंप उखडला, त्यालाही दोन वर्षे झाली. गावात कुणी त्याच्याशी भांडत नाही आणि कुणी बोलतही नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचे पाणी आणायला निघालेली मिरवणूक पूर्वी आपल्याच अंगणात येई. आता ती आपल्या फाटकावरून वाजतगाजत पुढे जाते, असे तू नाताळात लिहिले होतेस. ते वाक्य मला झोपू देत नाही.

आता शास्त्र. माणसाला एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत नेणारा कोणताही विधी तीन टप्प्यांनी चालतो. आधी त्याला रोजच्या जागेवरून उचलतात. मग काही काळ तो धड इकडचा नसतो, धड तिकडचा नसतो. शेवटी समाज त्याला नव्याने पदरात घेतो. बाप्तिस्मा पाहा, लग्न पाहा, अंत्यविधी पाहा, क्रम हाच. आपला दादा मधल्या टप्प्यात दोन वर्षे ताटकळत उभा आहे. नुसत्या बैठकांनी तो पुढे सरकणार नाही. कामणच्या दोन घरांतला बांधाचा तंटा मी कसा मिटवला ते तू पाहिलेस: दोघांना समोरासमोर एकमेकांची भूमिका करायला लावली आणि तिसऱ्या प्रवेशात दोघेही रडले. जे उपदेशाने होत नाही ते रंगमंचावर होते, हे मी आठ वर्षे शिकतो आहे आणि शिकवतो आहे.

म्हणून उपाय असा. यंदा उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या नाटकात जुदास सॅन्टनदादाने करावा. दचकू नकोस! ज्याने विकले असे गाव म्हणते, त्यानेच तीस नाण्यांना ख्रिस्त विकणाऱ्याचे दुःख गावापुढे मांडायचे. एवढे धैर्य पाहिल्यावर कोणाचे मन उघडणार नाही? आपल्या देवळाच्या फादर व्हिकरांची परवानगी मिळाली आहे. दादाला तू विचार. माझ्यापेक्षा तुझे ऐकतो.

तुझा
इग्नेशियस


पापडी
१ मार्च १९८३

प्रिय इग्नेशियस,

मी दचकलेच. पत्र दोनदा वाचले, मग दादाच्या पुढे ठेवले. तो केळीची वाळलेली पाने काढत होता. कोयता न थांबवता म्हणाला, "इग्नेशियसला लिही, गावाने ही भूमिका मला केव्हाच दिली आहे. फक्त दाढी चिकटवायची राहिली." मग मोठ्याने हसला. वहिनी गेल्यापासून घरात एवढे मोठे हसू मी ऐकले नव्हते, म्हणून बरेही वाटले आणि भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "करतो म्हणावं. त्याच्यासाठी करतो."

तालमी सुरू झाल्या आहेत. दादाचा आवाज तुला ठाऊक आहेच. पहिल्याच दिवशी बाहेर खेळणारी मुले खिडकीशी येऊन उभी राहिली. ख्रिस्त दरवर्षीप्रमाणे प्लासिड. दोघे रंगमंचावर एकमेकांशी बोलतात आणि खाली उतरले की बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घे. काल प्लासिड शाळेच्या फाटकाशी मला थांबवून विचारत होता, "मास्तरीणबाई, तुमचे इग्नेशियस फादर आंघोळ ठेवणार ना?" तू बारा वर्षांचा असताना धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेलास, तेव्हा तुला हे किती आठवते कोण जाणे. नाटक संपले की देवळामागच्या विहिरीवर ख्रिस्त झालेला माणूस जुदास झालेल्याच्या डोक्यावर ऊन पाण्याचा हंडा ओततो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे त्याचे बाप्तिस्म्याचे नाव घेतो. जूचंद्रचा जयराम ढोल वाजवतो. मग दोघे ख्रिस्ताच्या घरी बसून पेज खातात. जुदासला कोरडा घरी धाडायचा नाही, असे म्हातारी माणसे सांगतात.

यंदा हंडा ओतणारा प्लासिड आहे आणि ज्याच्या डोक्यावर ओतायचा तो दादा आहे. मला यातले शास्त्र कळत नाही. पण प्लासिडने विचारले तेव्हा त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, जमिनीकडे होते.

तुझी
डेल्फिन


पुणे
९ मार्च १९८३

प्रिय डेल्फिनबाय,

दादाचा होकार वाचून मी वर्गातच टाळी वाजवली. विद्यार्थ्यांना कारण सांगावे लागले आणि त्या दिवशीचा तास त्यावरच गेला.

आंघोळीबद्दल तू विचारलेस ते योग्य केलेस, कारण यंदा ती नको असे मी ठरवले आहे. त्यामागे दोन कारणे आहेत, आणि दोन्ही तुला पटतील.

पहिले उपासनेचे. उत्तम शुक्रवारी देऊळ उघडेबोडके असते. घंटा नाही, वेदीवर वस्त्र नाही. शेवटी लोकांना निरोपाचा आशीर्वादही न देता धर्मगुरू गप्प निघून जातो. वर्षातला सर्वांत बोलका विधी हाच, कारण तो पुरा होत नाही. अशा संध्याकाळी ढोल, हाका आणि पेज यांची गर्दी शोभत नाही.

दुसरे रंगभूमीचे. हंडाभर पाणी ओतले की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, चला, नाटक होते, संपले! त्याच्या पोटात काही उरत नाही. मला ते उरवायचे आहे. शेवटच्या प्रवेशानंतर कंदील विझतील. कुणी बोलणार नाही, कुणी कुणाला हाक मारणार नाही, नट मागे विहिरीपाशी आपापल्या जागी थांबतील. शेवटचा माणूस जाईपर्यंत मी स्वतः विहिरीसमोरच्या फाटकाशी उभा राहीन. ती शांतता घेऊन गाव घरी जाईल, दोन रात्री तिच्यासोबत झोपेल आणि रविवारी पुनरुत्थानाच्या मिस्सात, प्रार्थनेच्या वेळी, शांतीचे अभिवादन करताना आपण होऊन दादाचा हात हातात घेईल. मी आखून दिलेला समेट नको. त्यांनी केलेला हवा.

प्लासिडला सांग, त्याचा जुन्या रीतीवरचा लोभ मला समजतो. पुढच्या वर्षी आपण तिचा वेगळा विचार करू.

तुझा
इग्नेशियस


पुणे
५ एप्रिल १९८३

प्रिय डेल्फिनबाय,

शनिवारी पहाटेच निघावे लागले. इथल्या जागरणविधीची जबाबदारी माझ्यावर होती. तुझा निरोपसुद्धा घेतला नाही, क्षमा कर.

पण काय संध्याकाळ होती ती! हजार माणसे असतील. दादाने नाणी फेकली तेव्हा पुढच्या ओळीतल्या एका बाईने तोंडावर पदर धरला. आणि शेवट! फाटकाशी उभा राहून मी एकेक चेहरा पाहत होतो. लहान मुलेसुद्धा आवाज न करता गेली. वीस वर्षांत मी इतकी परिपूर्ण शांतता अनुभवली नाही. आता मला एकच उत्सुकता आहे: रविवारच्या मिस्सात काय घडले? कोण पहिला पुढे आला? प्लासिड का? सगळे क्रमाने लिही, काही गाळू नकोस.

जूनमध्ये बेल्जियमला जायचे नक्की झाले. तिथे वर्षभर शिकेन आणि या प्रयोगावर निबंध वाचेन.

तुझा
इग्नेशियस


पापडी
२४ एप्रिल १९८३

प्रिय इग्नेशियस,

उत्तराला उशीर झाला. शाळेच्या परीक्षा चालू आहेत.

नाटक सर्वांना आवडले. रविवारी देवळात खूप गर्दी होती, मला मागे जागा मिळाली, त्यामुळे कोण कुणाला भेटले ते दिसले नाही. दादा कामानिमित्त बाहेर आहे. बरा आहे. केळीला मी आणि शेजारचा फेबियन पाणी देतो.

बेल्जियममध्ये थंडी फार असते म्हणतात. लोकरीचा बनियन विणायला घेतला आहे. प्रकृतीला जप.

तुझी
डेल्फिन


लूवेन, बेल्जियम
५ ऑक्टोबर १९८३

प्रिय डेल्फिनबाय,

बनियन अंगात घालूनच लिहितो आहे. काल माझा निबंध झाला. चाळीस विद्वान, त्यांत दोन नाटककार. पापडी हे नाव त्यांनी फळ्यावर लिहून घेतले! मी तिन्ही टप्पे विशद केले, आंघोळीची जुनी रीत सांगितली आणि ती वगळल्यामुळे विधीचा शेवट रंगमंचावरून उचलून गावाच्या स्वाधीन कसा झाला, ते दाखवले. एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारले, "आणि तो माणूस? त्याला गावाने घेतले?" मी म्हणालो, "होय."

निबंध आता छापला जाईल. तळटिपेसाठी मला दादाचे एकच वाक्य हवे आहे. त्या रात्रीनंतर काय बदलले, एवढेच, त्याच्या शब्दांत. तो लिहायचा कंटाळा करील, म्हणून तू विचारून लिहून घे.

तुझा
इग्नेशियस


पापडी
८ नोव्हेंबर १९८३

प्रिय इग्नेशियस,

तुला दादाचे वाक्य हवे आहे. माझ्याजवळ ते नाही, कारण माझ्याजवळ दादा नाही.

शनिवारी तू पुण्याला निघालास त्याच सकाळी तो घरातून गेला. पत्र्याची पेटी नेली, छत्री नेली. उशीवर चिकटवलेल्या दाढीचा काळा रंग होता. तोंडसुद्धा धुतले नव्हते. आज येईल, उद्या येईल म्हणत मी तुझ्यापासून लपवले. तुझी तिकिटे काढून झाली होती आणि तू इतका आनंदात होतास. लपवल्याची चूक माझी. ती मी मान्य करते.

मेमध्ये मुलांनी आपल्या फाटकावर खडूने "जुदास" लिहिले. दोष कुणाला देऊ? त्यांनी त्याला शेवटचा पाहिला तो त्याच नावाने. त्याचे खरे नाव त्यानंतर कुणी घेतलेच नव्हते.

आणि आता जे लिहिते ते मला मागच्या आठवड्यात कळले. जूचंद्रहून जयराम मिठाची गोणी घेऊन आला होता. चहा प्यायला, उठला, परत बसला. म्हणाला:

"बाय, सांगू का नको असं सात महिने झाले. प्लासिडनं त्या दिशी सकालीच गाडी जुंपली. त्याची विहीर तर खारी, म्हनून पार लांबून गोड्या पान्याचं पिंप आनलं. सांजचं देवलामागं चूल मांडून हंडा तापवला. मला बोलला, जयराम, नाटक सरलं का ढोल बडव, मी त्याचं नाव घेतो. मी बोललो, फादरनं मना केलंय. तर बोलतो, फादर फाटकाभायेर गेला का मग. पन फादर जाईचना! तोंडावर बोट ठेवून हुबा. सॅन्टन विहिरीच्या कट्ट्यावर बसलेला, प्लासिड चिंचंखाली हंडा धरून. मधे पंधरा पावलं, बाय. फादरचा शब्द मोडायचा कोनी? पानी गार झालं. मग सॅन्टन उठला न् गेला."

शनिवारी सकाळी प्लासिड आपल्या दाराशी आला होता, इग्नेशियस. दादा घरात नाही म्हटल्यावर आल्या पावली परत गेला. मला वाटले, पाण्याचे जुने भांडण उकरायला आला असेल. मी त्याला बसही म्हटले नाही.

तू मला तीन टप्पे शिकवलेस. मी प्राथमिक शाळेची शिक्षिका आहे, मला तीनपर्यंत मोजता येते. तू दोन केलेस. तिसरा आपल्या गावाजवळ आधीपासून होता, ऊन पाण्याचा, आणि माणसे तो करायला उभी होती. तू बोट ओठावर ठेवलेस.

एवढे कठोर मी तुला कधी लिहिले नव्हते. पण वाक्य मागितलेस ना, हे घे.

डेल्फिन


लूवेन
२६ नोव्हेंबर १९८३

डेल्फिनबाय,

निबंध मागे घेतला. त्या वृद्ध प्राध्यापकांच्या घरी जाऊन सांगितले की माझे उत्तर खोटे होते. त्यांनी विचारले, मग खरे काय? मी त्यांना जयरामची हकीकत सांगितली.

तुझे पत्र मी वर्गातल्यासारखे मुद्दे पाडून वाचायचा प्रयत्न केला. जमले नाही. प्लासिडचा प्रश्न तू मला लेखी कळवला होतास, त्याचे डोळे कुठे होते तेही कळवले होतेस, आणि मी त्याला रीतीवरचा लोभ म्हटले. तू काही लपवले नसतेस तरी माझी चूक तेवढीच राहिली असती.

दादाचा काहीही ठावठिकाणा लागला तर तारेने कळव. जूनमध्ये परततो. प्लासिडला मी वेगळे लिहिले आहे.

इग्नेशियस


पापडी
१५ जुलै १९८४

प्रिय इग्नेशियस,

तू आल्यापासून आपण दोनदाच भेटलो. भिवंडीच्या दंगलीनंतर तुझे शांतिपथक छावण्यांतून आणि नाक्यांवरून प्रयोग करत फिरते आहे, त्यात मी तुला थांबवले नाही. तुला तेव्हा काहीतरी करत राहायलाच हवे होते, हे मला दिसत होते.

दादा सापडला.

आपला आग्नेल एस.टी.त कंडक्टर आहे, भिवंडीच्या रस्त्यावर त्याची पाळी असते. त्याने त्याला कामणला पाहिले. रस्त्यालगतच्या एका गोदामावर दादा वॉचमन आहे. म्हणजे सव्वा वर्ष तो इथून तासाभराच्या वाटेवर होता. आग्नेलने हाक मारली तर म्हणाला, "कुणाला सांगू नको असं म्हणत नाही. पण ओरडून सांगू नको."

आणखी एक. गेल्या रविवारी तुमचा प्रयोग कामणच्या नाक्यावर झाला. दादा गर्दीच्या मागे उभा होता. शेवटी तुम्ही सगळ्यांना एकमेकांची नावे विचारायला लावता ना, त्याच्या आधी तो निघून गेला. तुला दिसला नाही, असे आग्नेल म्हणाला.

मी परवा गेले होते. मला पाहून तो रडला, मीही रडले. मी काही विचारले नाही. तू जाशील तेव्हा फार बोलू नकोस, एवढीच विनंती.

तुझी
डेल्फिन


पुणे
६ ऑगस्ट १९८४

प्रिय डेल्फिनबाय,

शुक्रवारी कामणला जाऊन आलो.

गोदामाच्या फाटकाशी टेबल होते. दादा खाकी सदऱ्यात उभा होता, केस अगदी पांढरे. मी पुढे होऊन त्याचे हात धरणार, एवढ्यात त्याने वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "फादर, सही करा. आत यायला सही लागते."

त्याने मला आयुष्यात कधी फादर म्हटले नव्हते, बाय. माझ्या दीक्षेच्या दिवशी सगळे गाव माझ्या हाताचे चुंबन घेत होते, तेव्हा हा मागून टपली मारून गेला होता.

सही केली. त्याने पत्र्याच्या शेडमध्ये स्टूल पुसून दिले, स्टोव्हवर चहा केला, कप बशीत ठेवून दोन्ही हातांनी दिला. तू सांगितले होतेस तरी मी बोललो. प्लासिडचे पिंप, चूल, हंडा, चिंचेखालची पंधरा पावले. गावाने त्याला टाकले नव्हते, गाव त्याला न्यायला आले होते, ते मीच अडवले, हे त्याला ठाऊक नसावे, ठाऊक झाले की ओझे उतरेल, अशी माझी समजूत.

तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं. चुलीच्या उजेडात हंडा दिसत होता. प्लासिडने तो खाली ठेवला नव्हता."

"मग दादा, तू उठून गेलास का?"

"प्लासिड तुमच्याकडे बघत होता. मीपण तुमच्याकडेच बघत होतो. म्हटलं, एवढा शिकलेला आहे, आता हाक मारील. माझा भाऊ आहे, मारीलच. तुम्ही माणसं मोजत होता."

मी क्षमा मागितली. त्याने लगेच दिली, बाय. बाहेरच्या एखाद्या माणसाचा पाय लागला तर "असू दे" म्हणतो ना आपण, तशी. "गावावर राग नाही माझा," म्हणाला. "प्लासिडवर तर नाहीच. डेल्फिनला सांगा, नाताळला घरी येतो. चार दिवस राहतो, केळी बघतो. तुम्हाला तेव्हा पुण्यात काम असेलच."

तो प्रश्न नव्हता.

ट्रक आला म्हणून तो उठला आणि मीही उठलो. निघताना वही तिथेच उघडी होती. माझ्या सहीपुढे त्याच्या अक्षरात आत आल्याची वेळ होती, चार वाजून दहा मिनिटे. तिच्यापुढे बाहेर गेल्याची वेळ, चार पस्तीस. मी सही करून आत गेल्यापासून त्याने वहीला हात लावला नव्हता. ती वेळ मी आत पाऊल टाकायच्या आधीच लिहिलेली होती. मी घड्याळ पाहिले. चार तेहतीस झाले होते. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, दोन मिनिटे आधीच.

इतकी वर्षे मी लोकांना सांगत आलो की शांती करायची तर दोन्ही माणसांना समोरासमोर आणावे लागते. दादाला घरी यायचे असेल तर मी तिथे नसायला हवे. हे मी कोणत्या पुस्तकात घालू?

नाताळात मी पापडीला येणार नाही. प्लासिडला दादा येतोय म्हणून सांग. पुढे काय करायचे ते तो जाणतो. जेवताना कुणी माझी चौकशी केलीच तर सुट्टी मिळाली नाही म्हण. आणि दादासमोर ते पटवून द्यायचा प्रयत्न करू नकोस.

तुझा
इग्नेशियस